दात्याची मुलाखत

"ती व्हय म्हणलीया की," म्हातारी म्हणाली. "आता दार लावून आणि काय इचारायचं ऱ्हायलंय?"

एक पाय खोलीत, एक पाय बाहेर अशी ती उभी होती आणि दाराची कडी तिनं घट्ट धरून ठेवली होती. आत खुर्चीवर तिची मुलगी सिंधू बसलेली. बाहेरच्या बाकावर मुलगा संपत. किडनी बसवायची होती ती त्याला. त्याचं डायलिसिस नुकतंच संपलं होतं. भिंतीला डोकं टेकवून तो डोळे मिटून बसला होता.

"आजी, नियम आहे," मी म्हणाले. "देणाऱ्याशी एकट्यानं बोलावं लागतं. अर्धा तास लागेल. तुम्ही बाहेर बसा, चहा घ्या."

"मी आई हाय तिची."

"म्हणूनच बाहेर बसा."

हे मी जरा तुटकच बोलले. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. "नीट सांग गं मॅडमना," असं तिला बजावून ती गेली.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मिरजेतल्या एका ट्रस्टच्या इस्पितळात मी तेव्हा समुपदेशक होते. किडनी बसवायचं ठरलं की देणाऱ्या माणसाची मुलाखत मला घ्यावी लागे. तो आपल्या मर्जीनं देतोय ना, घरच्यांचं दडपण नाही ना, पुढे काय होऊ शकतं ते त्याला कळलंय ना, एवढं बघायचं आणि कागदावर सही करायची. माझी सही झाली की कागद इस्पितळाच्या समितीकडे जायचा.

त्या मार्चमध्ये आमच्या विभागातली दुसरी समुपदेशक बाळंतपणाच्या रजेवर होती आणि तिचंही काम माझ्याकडे आलं होतं. डायलिसिसवर नव्यानं आलेले पेशंट, कॅन्सर वॉर्डातले नातेवाईक, बाळ दगावलेल्या बाया, सगळे त्याच एका खोलीत यायचे. घरी गेल्यावर नवऱ्यानं साधं "आज उशीर झाला?" विचारलं तरी मला उत्तर द्यायचा कंटाळा यायचा. ऐकून ऐकून माणूस थकतं हे लोकांना पटत नाही. बसूनच तर असता, म्हणतात.

मी दार लावलं आणि फॉर्म पुढे ओढला.

सिंधू हिप्परकर, वय चौतीस. कवठेमहांकाळच्या पुढे सासर. दोन मुली. नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. ती स्वतः बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची. मांडीवर ठेवलेल्या हातांची बोटं साखरेनं चिकटून काळी पडलेली होती आणि ती बोटं ती एकमेकांत लपवत होती.

"भावाला किडनी देणार आहात?"

"व्हय."

"स्वतःच्या मर्जीनं?"

"व्हय."

"कुणी जबरदस्ती केलेली नाही?"

"न्हाई."

"मालकांची संमती आहे?"

"हाय. तुज्या भावाचं तू बघ म्हणलेत."

"ऑपरेशनमधले धोके डॉक्टरांनी सांगितलेत?"

"सांगितलेत."

असे प्रश्न विचारायचे नसतात. ज्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येणार, तो प्रश्न विचारून काही कळत नाही. हे मला चांगलं माहीत होतं, नव्या मुलींना मीच शिकवत होते. 'मर्जीनं देताय का' असं नाही विचारायचं. 'किडनी द्यायचं कसं ठरलं ते सांगा' असं विचारायचं. पण तसं विचारलं की माणूस बोलायला लागतं, आणि त्या दिवशी माझ्यासमोर आणखी कुणी बोलायला नको होतं. सकाळपासून चौघांचं ऐकून झालं होतं. चौथी बाई तर नुसती रडूनच गेली होती.

एका मिनिटाला एक अशा वेगानं मी रकाने भरत गेले. शेवटी सही करायला पेन टेकवलं, तेवढ्यात ती म्हणाली,

"मॅडम, किडनी काढल्यावर क्रेट उचलता येतंय का वो?"

याचं उत्तर मला पाठ होतं. तीन महिने जड उचलायचं नाही, पुढे सगळं पहिल्यासारखं करता येतं. शंभर वेळा तरी मी ते वाक्य बोलले असेन. पण त्या क्षणी मला तोंड उघडवेना. मी पेन खाली ठेवलं आणि नुसती तिच्याकडे बघत बसले.

पुढे प्रशिक्षणांमध्ये मी ही मुलाखत कितीदा तरी सांगितली, नावं बदलून. 'शांततेचा वापर' असं त्या भागाला नाव असतं. ऐकणारे वहीत लिहून घेतात. त्यांना मी कधी हे सांगितलं नाही, की ते कौशल्य नव्हतं. मी फक्त दमले होते.

अर्धं मिनिट गेलं असेल. मग आणखी एक. बाहेरून ट्रॉली ढकलल्याचा आवाज आला आणि गेला.

"न्हाई, मी आपलं सहज इचारलं," ती म्हणाली. आणि मग, "मला भ्या वाटतंय."

मी मान हलवली.

"ऑपरेशनचं न्हाई भ्या वाटत. दोन सिझर झाल्यात माझी." बोटं सोडवून तिनं हात उलटे केले. "मॅडम, मला कुणी इचारलंच न्हाई."

"काय विचारलं नाही?"

"हेच. देतीस का म्हणून. वहिनीचं रक्त जुळंना, आईला साखर, मग डागदर म्हणले भाऊबहीण हाईत का? तर आई म्हणली, सिंधू हाय की. सिंधू देईल. मी तितंच उभी हुती, मॅडम. सलाईनची बाटली धरून. कुणी माझ्याकडं बघितलंसुदिक न्हाई. तिसऱ्या दिवशी माझं रक्त घेतलं."

"तुम्हाला त्या वेळी काय वाटलं?"

"काय वाटायचं? सवय हाय." ती हसली, पण हसू लगेच गेलं. "सातवीत शाळा सुटली, दादाचं आयटीआय हुतं म्हणून. आई शेतावर जायची, घरात करायला कोण? मग जमिनीच्या हक्कसोडीवर सही केली. दिवाळीला गेली हुती, ताटाजवळच कागद ठेवला. राग न्हाई मला त्याचा. दादा चांगला हाय. भाऊबीजेला येतो, पोरींचे लाड करतो. पण ह्यो माझ्या आंगातला तुकडा हाय, मॅडम. हेबी मला कुणी इचारू ने?"

मग ती बराच वेळ बोलली. मी फार काही विचारलं नाही. ती म्हणालेलं अधूनमधून माझ्या शब्दांत परत म्हणत होते, एवढंच. "म्हणजे तुमचा नकार आहे असं नाही, पण होकारही तुमचा नाही." यावर तिनं पदर तोंडावर धरला.

"नकारच हाय," ती पदरातूनच म्हणाली. "मला न्हाई द्यायची."

बाहेर संपतच्या खोकल्याचा आवाज आला. दोघींनी तो ऐकला.

"दादा मरंल का मग?" तिनं विचारलं.

इथे खोटं बोलायचं नसतं आणि धीरही द्यायचा नसतो. "डायलिसिस चालू राहील," मी म्हणाले. "बरेच जण त्यावर वर्षानुवर्षं काढतात. काहींना झेपत नाही. मेंदू मृत झालेल्या माणसांची किडनी मिळते, त्या यादीत त्यांचं नाव घालता येईल. नंबर कधी लागेल ते कुणालाच सांगता येत नाही."

"तुमी माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

हा प्रश्न प्रत्येकजण कधी ना कधी विचारतोच. तो गोड बोलून परत कसा पाठवायचा, हेही शिकवलेलं असतं. "मला माहीत नाही," मी म्हणाले. तेच खरं होतं.

मी तिला सांगितलं, की इथं बोललेलं या खोलीच्या बाहेर जात नाही, समितीला फक्त हो की नाही तेवढं कळतं. तिनं नाही म्हटलं तर समिती घरच्यांना एवढंच सांगेल, की दाता म्हणून मान्यता दिलेली नाही. कारण सांगितलं जात नाही, कुणालाच. तिनं घरी जावं, विचार करावा, शुक्रवारी एकटीनं यावं.

"म्हंजे खोटं सांगणार?"

"खोटं नाही. फक्त कारण सांगणार नाही."

ती डोळे पुसून उठली. दार उघडायच्या आधी तिनं चेहरा असा काही सारखा केला, की म्हातारीला काही कळलं नसणार. "झालं?" म्हातारीनं विचारलं. "झालं," सिंधू म्हणाली.

शुक्रवारी ती सकाळच्या गाडीनं आली. बसलीसुद्धा नाही.

"न्हाई द्यायची," ती म्हणाली. "चार दिस झोप न्हाई. पण इचार केला तवा हेच आलं."

मी तो कागद घेऊन डॉक्टर इनामदारांकडे गेले. ते किडनीचे डॉक्टर, तापट पण मनानं सरळ. फाइल उघडून त्यांनी माझ्यापुढे आपटली.

"टिश्यूच्या सहाच्या सहा खुणा जुळल्यात, मॅडम! सहाच्या सहा. दहा वर्षांत मी अशी जोडी दोनदा बघितली असेल. तुम्ही समजावलं नाही तिला?"

"समजावणं माझं काम नाही, सर."

"मग काय काम आहे तुमचं?"

"तिला काय हवंय ते तिच्याकडून ऐकणं."

"आणि पोरगं मेलं तर?"

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांच्याकडेही त्या दिवशी सतरा पेशंट डायलिसिसवर होते. मग त्यांनी सही केली, कागद समितीकडून परत आला, आणि त्याच दुपारी व्हरांड्यात, माझ्यादेखत आणि सिंधूसमोर, त्यांनी डायलिसिसला आलेल्या संपतला आणि म्हातारीला सांगितलं, की सिंधूताईंना दाता म्हणून मान्यता मिळालेली नाही. मान्यता का नाही ते दात्याचं खाजगी असतं, ते विचारू नका.

म्हातारीनं पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं. मग ती वळली आणि सिंधूचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"तुलाच काय तरी झालंय व्हय गं? काय निघालं तपासणीत? सांग की."

सिंधूनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. संपत मात्र बाकावरून हलला नाही. तो बहिणीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. निराशा असेल असं मी धरून चालले.

मे महिन्यात सिंधू एकदा माझ्या खोलीत येऊन गेली. शेडचा हंगाम संपला होता.

"आईनं ठरवलंय, मला मोठा आजार हाय," ती म्हणाली. "दर पंधरा दिसाला येती. मला धुणं धुऊ देत न्हाई. सकाळी उठून माझ्यासाठी दूध तापवती, मॅडम. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. मी ते दूध कसं पिती, माझं मला ठावं."

"सांगावंसं वाटतं का त्यांना?"

"वाटतं. मग दादाचं तोंड आठवतं." ती थोडा वेळ बसली. "मी त्येच्याकडं जातच न्हाई आता. भाऊबीजेलाबी कसं जायाचं?"

पाऊसकाळ गेला. संपत आठवड्यातून दोनदा जतहून यायचा. तो तिथल्या एस.टी. आगारात मेकॅनिक होता. आता त्याला हलकं काम दिलं होतं, बसून नोंदी करायचं. डायलिसिसच्या हॉलमध्ये मला रोज जावं लागे आणि त्याच्या खाटेजवळून जाताना मी दुसरीकडे बघत असे. हेही करायचं नसतं. पण एखाद्याच्या घरातलं असं काही आपल्याला माहीत असलं, की त्याच्याकडे सरळ बघवत नाही.

ऑक्टोबरात एके दुपारी त्यानंच हाक मारली. आई त्या दिवशी बरोबर नव्हती.

"मॅडम, जरा बसता का?"

मी स्टूल ओढलं. त्याच्या हातातल्या नळ्यांतून रक्त मशीनकडे जात होतं. तो हळू आवाजात बोलत होता.

"सिंधूनं न्हाई म्हणलं न्हवं?"

मार्चमधली माझी शांतता सोपी होती. ही नव्हती. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, चेहऱ्यावर काही येऊ द्यायचं नाही, आणि तरी समोरच्याला झिडकारल्यासारखं वाटू द्यायचं नाही. "त्या खोलीत कोण काय बोललं ते मी कुणालाच सांगत नाही, संपतराव," मी म्हणाले. "तुम्ही बोललात तर तेही नाही सांगणार."

"सांगू नका. मी इचारत न्हाई, मी सांगतोय." तो छताकडे बघत होता. "तिला काय आजार न्हाई. म्या बघितलं ना तिचं तोंड त्या दिवशी. ल्हान असताना वरणात मीठ टाकायचं इसरली की असंच तोंड करायची. मला कळलं. आणि मला एवढं बरं वाटलं, मॅडम, एवढं बरं वाटलं, की तितंच रडू आलं असतं."

"बरं वाटलं?"

"मला तिची नकोच हुती."

मशीन मधेच वाजलं. सिस्टर येऊन बटण दाबून गेली.

"तिची शाळा माझ्यापायी गेली," तो म्हणाला. "जमीन गेली. त्या कागदाच्या टायमाला मी गप्प बसलो, आई म्हणंल तसं. आता हेबी घ्यायचं? घेऊन जगायचं कसं? पण म्हणू कुणाला? आईपुढं न्हाई म्हणलं तर तिला वाटणार, पोरगं मरायलाच निघालं. बायको तर जेवायचीच न्हाई. डागदर येत्यात तर पाच मिनटं, त्यात आई बोलती. तुमी सिंधूला आत घेऊन दार लावलं ना, तवा मी भाईर बसून वाट बघत हुतो. म्हणलं, आता मला बोलावतील. मलाबी दार लावून इचारतील. तर तुमी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. वाईट त्याचंच वाटलं. किडनी घेणाऱ्याचा वेगळा कागद होता आमच्याकडे. वजन, रक्तगट, किती दिवसांपासून डायलिसिस, सही. मुलाखत फक्त देणाऱ्याची. घेणाऱ्याला ती नको असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही.

त्या रात्री झोप आली नाही असं मी म्हणणार नाही. मी इतकी दमलेली असायचे, की झोप लागलीच. पण सकाळी भाकरी थापताना मला सगळं एकदम दिसलं. बहिणीला वाटतंय, मी भावाला मारलं. भावाला वाटतंय, मी बहिणीला इतकं लुटलं, की तिला शेवटी तोंड लपवावं लागलं. दोघांपैकी एकानं एक वाक्य बोललं तर दोघं सुटतात. दोन्ही वाक्यं माझ्याजवळ आहेत, आणि मला त्यातलं एकही दुसऱ्याला सांगता येत नाही.

पुढच्या खेपेला मी संपतला विचारलं, "जे मला सांगितलंत ते सिंधूताईंना सांगावं असं वाटतं का?"

"वाटतं तर. पण ती यायची बंद झालीया. आणि सांगितलं तर तिला कळंल, की मला ठाव हाय."

"कोणतं वाक्य बोललात तर तसं होणार नाही?"

तो बराच वेळ विचार करत होता. उत्तर माझ्याकडे होतं. ते जिभेच्या टोकावर आलेलं मी गिळलं. त्याचं त्याला सापडायला हवं होतं. सुटायची वेळ झाली, सिस्टरनं सुया काढल्या, दंडाला पट्टी बांधली, तरी तो काही बोलला नाही. जाताना दारातून परत आला.

"मी फक्त माझं सांगतो," तो म्हणाला. "तिचं न्हाई."

भाऊबीजेच्या आदल्या आठवड्यात त्यानं तिला निरोप धाडला, की एकदा डायलिसिसला माझ्यासंगं चल, आई येणार न्हाई. ती आली. डायलिसिस झाल्यावर दोघं माझ्या खोलीत बसली. मी दार लावलं आणि कोपऱ्यातली खुर्ची घेतली.

वीस मिनिटं त्यांनी त्यातलं काहीच काढलं नाही. थोरल्या मुलीची शाळा, बेदाण्याचा भाव, आगारातला नवा मॅनेजर, म्हातारीचे गुडघे. मधे संपत थकून थांबायचा, मग सिंधू बोलायची. दोनदा मला वाटलं, आपण सुरुवात करून द्यावी. दोन्ही वेळा मी स्वतःला आवरलं.

"सिंधे," तो म्हणाला. "मला तुझी किडनी नको हुती."

ती बघतच राहिली.

"कवाच नको हुती. पहिल्या दिवसापास्नं. आईपुढं बोलता आलं न्हाई. समितीनं न्हाई म्हणलं तवा मी सुटलो. एवढंच सांगायचं हुतं."

ती माझ्याकडे बघेल असं वाटलं होतं. बघितलं नाही.

"समितीनं न्हाई म्हणलं न्हवतं, दादा," ती म्हणाली. "मी म्हणलं. मला द्यायची न्हवती."

"बरं केलंस."

आणि मग सिंधू भडकली. मी तयार होते ती तिच्या रडण्याला. ती उभी राहिली आणि तिनं त्याच्या खांद्यावर, पट्टी नसलेल्या बाजूला, एक सणसणीत फटका दिला.

"बरं केलंस? आठ म्हैने! आठ म्हैने मी अन्न ग्वाड लागत न्हाई म्हणून फिरतीया, आणि तुला नकोच हुती? तोंड न्हवतं का तुला? सातवीत न्हवतं, कागदाच्या टायमाला न्हवतं, आत्ताबी न्हवतं?"

"न्हवतं," संपत म्हणाला. "खरंच न्हवतं."

"आई मला दूध पाजतीया तिकडं!"

हे ऐकून तो हसायला लागला. हसताना त्याला धाप लागली, खोकला आला, ती शिव्या देतच त्याची पाठ चोळायला लागली, आणि मग दोघंही रडली. मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. बाहेर दोघंजण माझी वाट बघत होते. एकानं दार वाजवलंही. मी उठले नाही.

त्यानंतर मी एक केलं. इनामदारांच्या मागे लागून घेणाऱ्याचीही मुलाखत सुरू करून घेतली. एकट्याची, दार लावून. त्यांनी आधी हात जोडले. "आहे ते काम आवरत नाही, आणि आणखी कशाला?" मग सही केली. निवृत्त होईपर्यंत मी दोनशेच्या वर अशा मुलाखती घेतल्या. त्यातले नऊ जण म्हणाले, मला नको आहे. नऊ फार नाहीत. पण ही मुलाखत नसती तर ते नऊ जण हे कुणाला सांगायला गेले असते, हे मला अजून कळत नाही.

संपतचं नाव यादीत होतं. एकदा फोन आला, रात्रीत गाडी करून तो पोचलाही, पण ती किडनी त्याला चालली नाही. तो डायलिसिसवर एकूण पावणेचार वर्षं जगला. शेवटचं वर्ष वाईट गेलं. एका जूनमध्ये तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर सिंधू मिरजेला आली. तिच्या चेहऱ्यावर वय आलं होतं. ती खुर्चीवर बसली आणि बोटांकडे बघत म्हणाली,

"इचारा की."

"काय विचारू?"

"पस्तावा वाटतो का म्हणून. सगळ्यांच्या मनात तेच आसल, इचारत कोण न्हाई. आईला तर ठाऊकच न्हाई. तुमी इचारा."

मी विचारलं. "पस्तावा वाटतो?"

"वाटतो," ती म्हणाली. "रोज वाटतो. सकाळी उठल्या उठल्या वाटतो." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दिली आसती तरी वाटला आसता, मॅडम. पण त्यो आईनं दिलेला आसता. ह्यो माझा हाय."

सव्वाचारची जत गाडी होती तिची. ती उठली, चपला घातल्या, आणि मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले.